कयानीचा ब्रून मस्का आणि यझदहून आलेली माणसे

मुंबईत धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोरच्या जेर महालमध्ये १९०४ पासून चालू असलेल्या कयानी अँड कंपनी या इराणी हॉटेलात मी अनेक वर्षे जातो आहे आणि मागवतो त्या वस्तू तीनच : ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव), पानी कम चहा आणि मावा केक. तिन्ही उत्तम आहेत. पण इराणमधून फारसे भांडवल न घेता आलेल्या माणसांना नेमका हाच धंदा का साधला, याचा उलगडाही मला याच टेबलावर थोडाथोडा होत गेला, म्हणून दोन्हींविषयी एकत्र लिहितो.

ब्रूनचे कवच दाताखाली कडकन मोडते आणि आतला पाव मऊ निघतो. मस्का कडेपर्यंत लावलेला असतो, त्यामुळे तुकडा चहात बुडवला की लोण्याचे पिवळे थेंब कपावर तरंगू लागतात. चहा दाट आणि गोड असतो. ज्यांना कमी साखर लागते त्यांनी आधीच सांगावे.

हा पाव मात्र इराण्यांनी इराणातल्या यझद किंवा केरमानहून आणलेला नाही. पाव हा शब्दच पोर्तुगिजांचा, आणि मुंबईला तो खायला शिकवण्यात गोव्याच्या पोदेरांचा, म्हणजे पाव भाजणाऱ्यांचा, मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इथे आलेले झरतुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे, इराणी बहुतांशी वाळवंटालगतच्या गावांतले, शेतीवाडी करणारे होते. त्यांतल्या अनेकांनी सुरुवातीला पारशी घरांत नोकरी केली. म्हणजे पाककौशल्याची शिदोरी घेऊन ते आले, असे म्हणता येत नाही. त्यांनी आणले ते वेगळेच होते. इराणच्या काजार राजवटीत त्यांच्यावर १८८२ पर्यंत जिझिया होता, आणि त्यांचा हात लागलेले अन्न तिथले अनेक शेजारी अशुद्ध मानत. ज्यांच्या हातचे गावात कोणी खात नसे, त्यांनी मुंबईत येऊन अशी हॉटेले काढली की जिथे गिरणीकामगार, कारकून, वकील आणि विद्यार्थी शेजारच्या टेबलांवर बसून खाऊ लागले. इथल्या जातींच्या उतरंडीत इराण्याला जागाच नव्हती, म्हणून त्याच्या हातचा चहा कोणीही घेऊ शकत होता. माझ्या मते हेच त्याचे खरे भांडवल होते, आणि ते कोणत्याही शाळेत मिळणारे नव्हते.

त्याच्या जोडीला नात्यागोत्याची भागीदारी, आधी आलेल्या पारशांचा आधार आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसण्याची तयारी होती. कोपऱ्याची जागा अशुभ मानून हिंदू व्यापारी ती घेत नसत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगतात. कारण काहीही असो, दोन रस्त्यांवरचे गिऱ्हाईक एकाच दारात आणणारी ही जागा त्यांनी ओळखली, हे महत्त्वाचे. हॉटेलच्या एका बाजूला साबण, बिस्किटे असले किरकोळ सामान विकण्याची पद्धतही त्याच हिशेबी नजरेतून आली. (शिया मुसलमान इराण्यांनीही अशी हॉटेले चालवली; त्यांची पार्श्वभूमी वेगळी असली, तरी धंद्याची घडण हीच.)

मावा केकपाशी मी नेहमी थोडा रेंगाळतो. यझदमध्ये वेलची घातलेले छोटे केक आजही घरोघरी होतात. कयानीच्या केकचा कागद सोलताना आधी वेलचीचाच वास येतो. मावा मात्र आपल्या हलवायाकडचा. गावाकडची चव आणि इथला जिन्नस एका घासात भेटतात, असे मला प्रत्येक वेळी वाटते, आणि या केकसाठी मी पुन्हा पुन्हा धोबी तलाव गाठतो.

लाकडी वाकवलेल्या खुर्च्या, चौकडीची टेबलक्लॉथ आणि बरण्यांतली बिस्किटे इथे कामाच्या वस्तू म्हणून वापरात आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण गेल्या वर्षी उपनगरातल्या एका नव्या ‘इराणी’ कॅफेत अशाच खुर्च्यांवर बसवून मला गार चहा आणि रबरासारखा बन दिला होता. तिथे रूप उचलले होते, कष्ट उचलले नव्हते. जुन्या इराण्यांची मुले शिकून डॉक्टर, इंजिनीअर झाली, परदेशी गेली, आणि वडिलांना हा धंदा जवळ करायला लावणारी अडचण त्यांच्यापुढे उरली नाही. एकामागून एक हॉटेले बंद झाली, त्याचे हेही एक कारण आहे. मला त्याचे दुःख होते, तरी त्या मुलांना दोष द्यावासा वाटत नाही.

कयानीत शक्यतो सकाळी जावे. गर्दीत टेबल वाटून घ्यावे लागले तर तक्रार करू नये, आणि निघताना दाराजवळच्या काउंटरवरून घरासाठी खारी आणि आल्याची बिस्किटे बांधून घ्यावीत.