बिट६४ची कॅश: आठ महिने रोज वापरल्यावर

माझं बरंचसं काम आर या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एकाच व्हेक्टरभोवती, म्हणजे आकड्यांच्या एका लांबलचक रांगेभोवती फिरतं. त्यात दहा कोटी व्यवहार क्रमांक आहेत. आरचा साधा इंटिजर (पूर्णांक) २१४७४८३६४७ला थांबतो आणि डबलमध्ये (दशांश संख्यांच्या प्रकारात) २च्या ५३व्या घातापुढे शेवटच्या अंकांची खात्री राहत नाही, म्हणून बिट६४ या पॅकेजमधल्या इंटिजर६४कडे, म्हणजे ६४ बिटांच्या पूर्णांकांकडे वळलो. टिकून राहिलो मात्र कॅशमुळे, म्हणजे एकदा केलेली मेहनत पुन्हा वापरायला जपून ठेवण्याच्या सोयीमुळे.

साध्या आरमध्ये युनिक (वेगवेगळ्या किमती कोणत्या) दोनदा विचारलं तर दोन्ही वेळा सगळी मेहनत पहिल्यापासून होते. इथे सॉर्टऑर्डरकॅश एकदा चालवलं की क्रमाने लावलेली प्रत आणि मूळ जागांची यादी व्हेक्टरलाच चिकटून राहते. एनए (किंमत नसलेल्या नोंदी) किती, वेगळ्या किमती किती, हेही तिथेच नोंदलेलं असतं. मग मीडियन, क्वांटाइल, युनिक, मॅच (कोणता आकडा कुठे आहे ते शोधणं) सगळं त्या तयार मालावर. पहिल्या सॉर्टिंगला वेळ लागतोच, पण दिवसभर त्याच आकड्यांना प्रश्न विचारायचे असतील तर तो केव्हाच वसूल होतो.

याची किंमत मेमरीत मोजावी लागते. मूळ व्हेक्टर ८०० एमबीचा. प्रत दर आकड्याला ८ बाइट घेते आणि यादी ४, म्हणजे आणखी १.२ जीबी. आकार सांगणाऱ्या ऑब्जेक्ट.साइझवर विसंबू नका: कॅश एन्व्हायर्नमेंट नावाच्या वेगळ्या कप्प्यात असते आणि ते फंक्शन तिथला माल मोजतच नाही. फक्त मॅच लागणार असेल तेव्हा मी हॅशकॅशवर, म्हणजे क्रम न लावता फक्त शोधासाठी बांधलेल्या कॅशवर भागवतो.

तिसऱ्या महिन्यात सगळं अचानक मंदावलं. दोन दिवस शोधल्यावर दोष सापडला तो लूपमधल्या एका ओळीत. ती ऋण क्रमांकांच्या जागी एनए घालत होती. एक किंमत बदलली तरी कॅश बाद होते, आणि होणं योग्यच आहे, कारण व्हेक्टर मेमरीत तोच आहे का हे पाहूनच ती वापरली जाते. शिळं उत्तर मला एकदाही मिळालं नाही. ती ओळ लूपच्या वर नेली, साफसफाई संपल्यावरच कॅश बांधली, आणि वेग परत आला. गाळून घेतलेल्या तुकड्यालाही मूळची कॅश मिळत नाही. तिथे ती नव्याने बांधावी लागते.

एखाद्या फंक्शनने क्लास (हे इंटिजर६४ आहेत हे सांगणारी खूण) उतरवला तर १च्या जागी ४.९४०६५६ई-३२४ दिसतं. घाबरू नका, बिट शाबूत असतात, क्लास परत लावला की झालं.

फाइल साठवण्याआधी मात्र मी न चुकता कॅश काढून टाकणारं रेमकॅश चालवतो, नाहीतर ही सगळी बाडबिस्तरा आरडीएस फाइलमध्ये जाते.