खुला समुद्र की किनाऱ्यालगतचा ट्रॅक?

1961 साली सर मॅक्स एटकिन यांनी इंग्लंडमध्ये काउझ ते टॉर्की ही पॉवरबोट शर्यत सुरू केली, प्रेरणा अमेरिकेतल्या मायामीहून बहामातल्या नासाऊला जाणाऱ्या शर्यतीची. 1968 पासून ती परतीचीही झाली. इथे वेगाइतकीच लाटांशी आणि दिशेशी झुंज. बोट फुटली तर फुटली! पण सुटताना दिसलेली बोट थेट परततानाच दिसणार. मग किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाने तोवर करायचं काय? टीव्हीचीही तीच अडचण. त्यात डिझेल-पेट्रोलचा खर्च, म्हणजे खेळ हौशी श्रीमंतांचाच. शिवाय जिवाचा धोका: 1987 मध्ये माजी फॉर्म्युला वन चालक दिदिए पिरोनी आइल ऑफ वाइटजवळच्या शर्यतीत मरण पावला, 1990 मध्ये मोनाकोजवळ तिथल्या राजकन्येचा पती स्तेफानो कासिरागी.

दुसरीकडे 2024 मध्ये जेद्दाहला सुरू झालेली ई-वन ही पॉवरबोट शर्यतमालिका. विजेवरच्या, फॉइलवर (बोटीखालच्या पंखांवर) पाण्याबाहेर उचलल्या जाणाऱ्या एकसारख्या बोटी, प्रत्येक संघात एक पुरुष आणि एक महिला चालक. संघमालकांत नदाल आहे, आपला विराट कोहलीही. ट्रॅक छोटा, सगळं नजरेसमोर. वेग मात्र ताशी सुमारे 93 किलोमीटर. खुल्या समुद्रातल्या शर्यतींच्या सर्वांत वरच्या गटातल्या, मोठ्या इंजिनांच्या क्लास वन बोटी 250 च्या पुढे जात.

प्रायोजक ई-वनकडेच वळतील, यात मला शंका नाही. पण तिला ‘ऑफशोअर’, म्हणजे खुल्या समुद्रातली, म्हणवत नाही. अर्थात, 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर झालेली पी-वन मालिकेतली पॉवरबोट शर्यतही पेट्रोलवरची असूनही कठड्यावरून दिसेल इतक्या जवळच होती. किनारा सोडायची भीती विजेबरोबर आलेली नाही.