नॅशनल बोर्ड सर्टिफिकेशन: हातात आल्यानंतरचा अनुभव (आणि माइकबद्दल बरंच काही)

नॅशनल बोर्ड सर्टिफिकेशन म्हणजे अमेरिकेत अनुभवी शिक्षकांना स्वतःहून घेता येणारं वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र, ते मला मिळालं. डिसेंबरात निकाल लागला तेव्हाच लिहायचं होतं, राहून गेलं. आता लिहितेय कारण डोकं तापलंय. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) पगाराच्या ऑफिसने बोनसच्या यादीत माझं नावच टाकलं नाही. विचारलं तर म्हणे सर्टिफिकेटची कॉपी पाठवा, पाठवली, मग म्हणे राज्याच्या सिस्टीममध्ये दिसत नाही, दिसतंय म्हणून स्क्रीनशॉट पाठवला तर ते बघणाऱ्या बाई रजेवर. वॉशिंग्टन राज्यात बोर्ड-सर्टिफाइड शिक्षकाला दर वर्षी बोनस असतो, मूळ रक्कम 5000 डॉलर, महागाईप्रमाणे वाढत जाते, आणि गरीब घरची मुलं जास्त असलेल्या शाळेत शिकवत असाल तर वर आणखी 5000. माझी शाळा त्यात बसते. हा पैसा मेहनतीचा आहे, तो मी सोडणार नाही.

खर्चाचं आधीच सांगते. सर्टिफिकेशनचे चार भाग असतात, त्यांना कंपोनंट म्हणतात. एका कंपोनंटचे 475, असे चार म्हणजे 1900 डॉलर, शिवाय दर वर्षी रजिस्ट्रेशनचे 75. मी अजूनही प्रत्येक खर्च रुपयांत करून बघते, त्यामुळे चारही एकदम घेतले नाहीत, कंपोनंट वेगवेगळ्या वर्षी देता येतात. ज्या राज्यात बोनस नाही तिथल्यांनी मात्र दहादा विचार करा.

कंपोनंट 1 म्हणजे विषयाची (माझा गणित) परीक्षा, 45 ऑब्जेक्टिव्ह आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन लेखी प्रश्न. याला 40 टक्के वजन आहे आणि आपल्याकडे गणित घेऊन शिकलेल्यांनी नीट उजळणी केली तर जमतं. कंपोनंट 2 आणि 4 मध्ये कागदपत्रं फार. पण खरा जीव घेतो तो 3.

त्यात आपल्याच वर्गाचे दोन व्हिडिओ द्यायचे, प्रत्येकी 10 ते 15 मिनिटांचे, मध्ये कुठेही कापाकापी चालत नाही, आणि तपासणाऱ्याला मुलं काय बोलतायत ते ऐकू यायला पाहिजे. इथेच सगळं अडतं!! कॅमेऱ्याचा कोणी विचारच करू नका, साधा फोन पुरतो, प्रश्न आवाजाचा आहे. आमच्या वर्गात हीटरची घरघर, सातवीची मुलं चार-चारच्या गटात एकाच वेळी बोलणार, फोनमध्ये फक्त माझा आवाज आणि खुर्च्या सरकल्याचा. कॉलर माइक घेतला तर मी अजूनच मोठ्याने, मुलं गायब. शेवटी एक स्वस्तातला रेकॉर्डर घेतला आणि तो गटाच्या टेबलावर मधोमध ठेवून आधी नुसती चाचणी केली. इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी शाळा सुटल्यावर तिथेच बसून ऐकत राहिले.

आधी मी लिहिणार होते की हा न कापण्याचा नियम जाचक आहे. ते मत आता नाही. चाचणीच्या त्या दिवशी गुणोत्तर चालू होतं, 2 कप संत्र्याचा अर्क आणि 3 कप पाणी, अर्क 4 कप केला तर तीच चव यायला पाणी किती? एक मुलगा म्हणाला 5, दोन वाढवले तर दोन वाढवायचे. ही चूक प्रत्येक वर्षी होते आणि मी प्रत्येक वर्षी फळ्यावर तक्ता करून समजावते. त्याच्या शेजारची मुलगी, वर्गात कधी हात वर न करणारी, हळूच म्हणाली, मग उलटं जा, 1 कप अर्काला 2 कप पाणी, 0 ला 1. म्हणजे नुसत्या पाण्याची चव पण तीच? पुढे काही सेकंद कोणीच बोलत नाही आणि मग तो मुलगा म्हणतो, ओ. मला वर्गात हे ऐकूच आलं नव्हतं, मी दुसऱ्या टेबलाशी होते! इतकं सुंदर उदाहरण मी पाठाच्या तयारीत कधी आणलं नसतं. आता मी गुणोत्तराची सुरुवातच तिच्या प्रश्नाने करते. आणि कापायची मुभा असती तर ती शांतता नक्की गेली असती, कारण बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललं नाहीये.

म्हणून माझं मत, बोनस बाजूला ठेवला तरी कंपोनंट 3 एकटाच 475 ला महाग नाही. सर्टिफिकेट 5 वर्षं चालतं, नंतर नूतनीकरण असतं, ते मी करणार. रेकॉर्डर अजूनही मधूनमधून टेबलावर असतो, मुलांना आता सवय झालीय.

या वर्षी भरणार असाल तर एवढं करा. पालकांच्या परवानगीचे फॉर्म सप्टेंबरातच पाठवा, आमच्याकडे सोमाली आणि स्पॅनिश बोलणारी घरं बरीच, सह्या गोळा व्हायला वेळ लागतो आणि फॉर्म नसलेलं मूल व्हिडिओत येऊन चालत नाही. आणि माइकची चाचणी भरलेल्या वर्गात हीटर चालू ठेवून करा, रिकाम्या वर्गात कुठलाही माइक चांगलाच वाटतो.