नोकरी सांभाळून नगर नियोजनाची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी : कोल्हापुरातून सोळा महिन्यांचा अनुभव

अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाचा नगर नियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून ऑनलाइन शिकते आहे. या डिसेंबरअखेर सोळा पैकी सात विषय पूर्ण झाले. प्रवेश घेण्याआधी कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणी असे शिक्षण घेतले आहे का, हे मी बरेच शोधले होते. तेव्हा जे वाचायला मिळाले असते तर बरे झाले असते, ते येथे सविस्तर लिहिते आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे नोंदवलेल्या बहुतेक गोष्टी कोणत्याही परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रमाला लागू पडतील असे मला वाटते.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि राजारामपुरीतील एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात अकरा वर्षे ले-आउट आणि बांधकाम परवानगीची प्रकरणे तयार करते. सातबारा, मोजणीचा नकाशा, झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठेवली आहे त्याचा), भाग नकाशा, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि चटई क्षेत्राचा हिशोब हे माझे रोजचे काम. नियमावलीतले कलम कोणते आणि ते कसे लावायचे हे मला पाठ होते; ते कलम तसे का आहे, हे मात्र कोणी विचारत नव्हते आणि मीही विचारले नव्हते. पदवी घ्यावीशी वाटली ती या एका उणिवेमुळे. पुण्याच्या सीओईपीत किंवा अहमदाबादच्या सेप्टमध्ये दोन वर्षे पूर्णवेळ शिकणे हा निःसंशय अधिक चांगला मार्ग आहे, पण घर आणि नोकरी सोडून दोन वर्षे बाहेर राहणे मला शक्य नव्हते.

खर्चाचे आधी सांगते. माझ्या अभ्यासक्रमात एका क्रेडिटला सुमारे ५०० डॉलर पडतात आणि पदवीसाठी ४८ क्रेडिट लागतात. म्हणजे आजवरच्या सात विषयांच्या २१ क्रेडिटांना नऊ लाख रुपयांच्या आसपास गेले. शुल्क सत्रागणिक भरायचे असल्यामुळे दर वेळी रुपयाचा दर पाहूनच हिशोब करावा लागतो. परदेशी पाठवलेल्या रकमेवर ठरावीक मर्यादेनंतर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापून घेते. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, परंतु तोपर्यंत पैसे अडकून राहतात. घरखर्चाचा मेळ घालताना हे लक्षात ठेवावे.

वेळेचा प्रश्न पैशापेक्षा अवघड निघाला. आठवड्यातून एकदा होणारा थेट तास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला असतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळे मागे गेली की साडेपाचला. ध्वनिचित्रमुद्रण नंतर पाहता येते. मात्र सहभागाचे गुण प्रत्यक्ष हजर राहणाऱ्यालाच मिळतात. एका विषयाला आठवड्याचे बारा ते पंधरा तास लागतील असे माहितीपत्रकात लिहिले होते आणि ते अक्षरशः खरे आहे. पहिल्या सत्रात मी दोन विषय घेतले, कार्यालयात मार्चअखेरसारखी घाई नसतानाही रोज रात्री अकरापर्यंत वाचन चालले आणि मुलीचा अभ्यास पूर्णपणे सासूबाईंनी सांभाळला. घरातल्या एका तरी माणसाने असा भार उचलायची तयारी दाखवल्याशिवाय कोणी दोन विषय घेऊ नयेत, एकच घ्यावा.

आता शिकण्याबद्दल. सातपैकी ज्या विषयाने माझे रोजचे काम बदलले, तो आपत्ती आणि नियोजनाचा. पंचगंगेची निळी आणि लाल पूररेषा मी शेकडो नकाशांवर ओढली आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र आणि दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र, एवढे मला माहीत होते. शंभर वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निश्चिंत, असाच त्याचा अर्थ आपल्याकडे बहुतेकांच्या मनात असतो आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तो अर्धवट तसाच होता. प्राध्यापकांनी दुसऱ्याच आठवड्यात आम्हाला हिशोब करायला लावला. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. निळ्या रेषेसाठी, म्हणजे दर वर्षी चार टक्के धरून, हाच हिशोब केला तेव्हा उत्तर ७० टक्क्यांच्या वर आले. त्या पहाटे मी कागदावर ती वजाबाकी-गुणाकार तीनदा तपासले. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी या शहराने महापूर पाहिला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी असताना शेवटच्या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तरीही हा साधा हिशोब माझ्यासमोर कोणत्याही प्रकरणात कधी आला नव्हता.

त्यानंतर पूररेषेजवळच्या जमिनीचे प्रकरण आले की मी मालकांना परवानगीच्या नियमांबरोबर तीस वर्षांचा हा आकडाही सांगते. आंबेवाडीच्या बाजूच्या एका मालकांनी तो ऐकून तळमजल्यावर खोल्यांऐवजी वाहनतळ घेतला. दुसऱ्या एकांनी ऐकून घेतले आणि आराखडा आहे तसाच ठेवला. नियमात बसत असल्याने मला तो करून द्यावा लागला, पण आता तो मी अस्वस्थ मनाने करते.

जमीन वापराच्या कायद्याच्या विषयाबद्दल माझे मत मात्र मिश्र आहे. संपूर्ण सत्र अमेरिकेच्या राज्यघटनेवर आणि तेथील न्यायनिर्णयांवर गेले. ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या १९२६ च्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग, म्हणजे जमिनीची वापरानुसार विभागणी, वैध कसे ठरवले, हे समजून घेणे उद्बोधक होते, कारण निवासी, वाणिज्य आणि औद्योगिक असे रंग आपणही नकाशावर भरतो आणि त्या विचाराचे मूळ तेथे सापडते. पण आपल्याकडे खरा संघर्ष जमिनींवरील आरक्षणांचा आहे. विकास आराखड्यात जमिनीवर शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण पडते, दहा वर्षे संपादन होत नाही, मग मालक १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो आणि ठरावीक मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. या सगळ्याला त्या अभ्यासक्रमात जागा नव्हती आणि तशी अपेक्षा करणेही चुकीचे होते. मला ते रात्री स्वतंत्रपणे वाचावे लागले. खटकले ते वेगळेच. इतिहासाच्या भागात न्यूयॉर्कचा १९१६ चा झोनिंग ठराव आरंभबिंदूसारखा मांडला गेला, परंतु मुंबई इलाख्यात त्याच्या आदल्याच वर्षी, १९१५ मध्ये, नगररचनेचा कायदा झाला होता, याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. मी त्यावरच निबंध लिहिला. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी बडोदा, इंदूर अशा शहरांसाठी लिहिलेले अहवाल आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात त्यांनी घेतलेले प्राध्यापकपद यांचाही त्यात समावेश केला. जुनी गल्ली सरसकट पाडून रुंद रस्ता काढण्यापेक्षा मोजक्या जागी हात घालून ती सुधारावी, हा त्यांचा आग्रह शिवाजी पेठेत आणि गंगावेशीत फिरताना मला अजूनही सर्वाधिक पटतो. प्राध्यापकांनी तो निबंध संपूर्ण वर्गाला वाचायला दिला, हे त्यांच्या मोकळेपणाचे लक्षण म्हणून नोंदवते.

आकडेवारीच्या बाबतीत भारतीय विद्यार्थ्याची अडचण होते, आणि याची कल्पना आधी असावी. वर्गातील इतरांना त्यांच्या गावातील चार-सहा गल्ल्यांच्या पातळीपर्यंतची उत्पन्न, प्रवास आणि घरभाड्याची माहिती दर वर्षीच्या सर्वेक्षणातून सहज मिळत होती. माझ्याकडे २०११ ची जनगणना होती, त्यात महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,४९,२३६. त्यानंतर पाचगाव, उचगाव, कळंबा या बाजूंना शहर कितीतरी पसरले, पण ते हद्दीबाहेर असल्यामुळे शहराच्या त्या आकड्यात दिसतच नाही. हद्दवाढीचा जुना वाद आणि २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी स्थापन झालेले विकास प्राधिकरण यांवर मी लोकसहभागाच्या विषयात लिहिले, तेव्हा गावांचा विरोध आणि शहराची गरज या दोन्ही बाजू मला प्रथमच नीट समजल्या. त्याआधी मी शहरात राहणाऱ्याच्या नजरेनेच पाहत होते.

नकाशाशास्त्रासाठी क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली शिकवली, ती उत्तम. कार्यालयात आता गट नकाशे आम्ही तिच्यातच जुळवतो. गटकार्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चार जणांच्या गटात तीन वेगवेगळ्या प्रमाणवेळा असतात, त्यामुळे बैठक ठरवण्यातच निम्मी शक्ती जाते आणि एका विषयात एका सहकाऱ्याचे काम आम्हा तिघांना करावे लागले.

सर्वांत गंभीर मुद्दा मान्यतेचा आहे. नगररचनाकारांची देशाला गरज आहे, यात वाद नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यांच्या नगररचना विभागांत १२,००० हून अधिक पदे हवीत, मंजूर आहेत ३,९४५ आणि त्यांतलीही ४२ टक्के रिकामी. हे वाचून कोणी परदेशी ऑनलाइन पदवीच्या बळावर सरकारी पदाचे स्वप्न पाहत असेल, तर त्याने शुल्क भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : समकक्षता (भारतीय पदवीच्या बरोबरीची असल्याची मान्यता) मिळेल का, आणि संबंधित पदाच्या सेवाप्रवेश नियमांत ही पदवी बसते का. ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळेलच असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. अभ्यासक्रमाच्या प्रवेश सल्लागाराने मला फोनवर दिलेले आश्वासन लेखी मागितल्यावर मागे घेतले गेले. मी त्यानंतरही प्रवेश घेतला, कारण मला सरकारी पदासाठी पदवी नको होती. पण ज्याला ती त्यासाठीच हवी आहे त्याने त्या टप्प्यावर थांबावे.

खासगी सल्लागाराकडे काम करणाऱ्या आणि पाच-दहा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्या अभियंत्याला किंवा वास्तुविशारदाला मी हा मार्ग सुचवेन, मात्र एका अटीवर. प्रत्येक धडा आपल्या गावावर लावून पाहायचा. मी ज्या आठवड्यात हे केले नाही, त्या आठवड्यातले आज काही आठवत नाही. दसरा चौकात सकाळी दोन तास उभी राहून वाहने आणि पादचारी मोजले, तेव्हा वाहतुकीच्या विषयातली सूत्रे डोक्यात बसली. नुकत्याच शिकून पदवीधर झालेल्या मुलामुलींनी मात्र शक्यतो पूर्णवेळ शिकावे. त्यांना स्टुडिओत शेजारी बसून काम करणारे सोबती आणि खांद्यावरून आराखडा पाहणारे शिक्षक हवेत, आणि ते पडद्यावरून मिळत नाहीत.

शेवटच्या प्रकल्पासाठी मी जयंती नाल्याच्या काठची वस्ती निवडली आहे. पंचगंगेला पूर आला की नाल्यातून पाणी उलटे शहरात शिरते, सुतारवाड्यात आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत घरे बुडतात आणि कुंभारांच्या गणेशमूर्ती नेमक्या तयार होण्याच्या दिवसांत पाण्यात सापडतात. मला मोफत मिळालेली जमिनीच्या उंचीची माहिती २००० साली अवकाशयानातून रडारने घेतलेली आहे आणि तिचा एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे आख्खी गल्ली त्यात हरवून जाते. मार्गदर्शकांनी विषय मान्य केला, पण उंचीची मोजमापे प्रत्यक्ष जागेवर घेण्याची अट घातली, आणि ती रास्त आहे. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अनेक घरांच्या भिंतींवर अजून दिसतात. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांच्या रविवारी टेप आणि कार्यालयातले लेव्हल यंत्र घेऊन त्या घरोघर मोजायच्या आणि पावसाळा सुरू होण्याआधी नकाशावर उतरवायच्या, असे ठरवले आहे.