तालमीच्या खोलीत तुमच्यासमोर कोण असणार? दिग्दर्शक आणि कोरिओग्राफरांसाठीच्या फेलोशिपची तुलना

फेलोशिपची जाहिरात दिसली की नजर आधी रकमेवर जाते, मग शेवटच्या तारखेवर. मीही बरीच वर्षं तसंच करत आले. आता कुणी अर्ज दाखवायला आलं की मी आधी एवढंच विचारते: तिथे तालमीत तुझ्यासमोर कोण असणार आहे? कवीला वही मिळाली की काम सुरू करता येतं. दिग्दर्शक आणि कोरिओग्राफर यांची वही म्हणजे दुसऱ्यांची शरीरं, दुसऱ्यांचे आवाज आणि दुसऱ्यांचा वेळ. ती वही कोण पुरवतं, किती दिवस आणि कुणाच्या हुकमाखाली, यावर मी फेलोशिप तोलते. अटी दरवर्षी थोड्याफार हलतात, तेव्हा अर्जाआधी त्या त्या संस्थेचं ताजं पत्रक वाचाच.

दुसऱ्याच्या तालमीत बसायचं, की एखाद्या थिएटरात मुक्काम ठोकायचा?

सुरुवातीच्या काळातल्यांसमोर बहुधा हे दोन रस्ते येतात.

पहिला ऑब्झर्व्हरशिपचा. अमेरिकेतलं स्टेज डायरेक्टर्स अँड कोरिओग्राफर्स फाउंडेशन १९६५ पासून काम करतं आहे. त्यांच्या या योजनेत तरुण दिग्दर्शकाला किंवा कोरिओग्राफरला एका अनुभवी माणसाच्या निर्मितीत बसवतात आणि आठवड्याला थोडं मानधन देतात. दिग्दर्शक आणि कोरिओग्राफर दोघांनाही एकाच दारातून आत घेणाऱ्या योजना कमी आहेत, म्हणून हिची नोंद घ्या.

नुसतं बसून काय मिळतं? मी अशाच एका तालमीत सहा आठवडे बसले होते. माझी खुर्ची स्टेज मॅनेजरच्या टेबलामागे होती. एका नटीचं खिडकीपासून टेबलापर्यंतचं चालणं काही केल्या बसेना. वाक्य आधी संपायचं आणि पावलं उरायची. दिग्दर्शिकेने सूचना दिली नाही, करूनही दाखवलं नाही. ती उठली आणि टेबल हातभर पुढे ओढून परत जागेवर बसली. चार पावलांची तीन झाली आणि वाक्याचा शेवटचा शब्द नेमका टेबलावर हात टेकताना पडला. नटीला काय बदललं हे कळलंसुद्धा नाही. हे पुस्तकात सापडत नाही, आणि पाहिलं नसतं तर मी त्या नटीला अर्धा तास तिच्या पात्राचं मन समजावत बसले असते.

तरीही ऑब्झर्व्हरशिप एकदा घ्यावी, फार तर दोनदा. तिथे डोळा तयार होतो, हात होत नाही. सगळी माणसं दुसऱ्याची असतात आणि तुम्ही चुकायला मोकळे नसता. तिसऱ्यांदा बसायला निघालेल्यांना मी अडवतेच.

दुसरा रस्ता ब्रिटनमधल्या रीजनल थिएटर यंग डायरेक्टर स्कीमचा. ही योजना १९६० मध्ये एका टीव्ही कंपनीच्या पैशावर सुरू झाली. तिचं मूळ रूप असं की तरुण दिग्दर्शकाने एकाच थिएटरात दीड वर्ष काढायचं. म्हणजे सहायक म्हणून तालमी करायच्या, आलेल्या संहिता वाचायच्या, पुढच्या हंगामात काय करायचं याच्या बैठकांना बसायचं, पैसे कुठे कमी पडतात ते बघायचं. तोच नटसंच वेगवेगळ्या नाटकांत दिसतो आणि हंगामभराची कुरकुर कानावर पडते. ट्रेव्हर नन १९६२ मध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरात टीव्ही कंपनीच्या शिष्यवृत्तीवर प्रशिक्षणार्थी दिग्दर्शक म्हणून आले आणि १९६८ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीचे कलासंचालक झाले. श्रेय एका योजनेला देणं बरोबर नाही. पण थिएटर चालवायला थिएटरात राहूनच शिकावं लागतं, हे मात्र खरं.

ज्याला पुढे स्वतःची संस्था उभी करायची आहे त्याने दीड वर्षाचा मुक्काम निवडावा. ज्याला फक्त एका विशिष्ट दिग्दर्शकाची नजर जवळून पाहायची आहे त्याला सहा आठवडे पुरतात. चाळिशीतल्या, घरची जबाबदारी असलेल्या माणसासाठी हा मुक्काम बहुतेक अशक्यच असतो, कारण दीड वर्षात हातातली बाकीची कामं दुसऱ्याकडे जातात.

गुरू कुणी निवडायचा?

मोठ्या कलावंताचा सहवास देणाऱ्या योजनांमध्ये घड्याळवाल्या रोलेक्स कंपनीचं नाव आधी निघतं. त्यांची मेंटॉर आणि प्रोटेजे, म्हणजे गुरू आणि शिष्य, योजना २००२ पासून आहे आणि तिच्या कलाप्रकारांत रंगभूमी आणि नृत्यही होतं. पहिल्याच फेरीत कोरिओग्राफर विल्यम फोर्साइथ यांच्याकडे सांग जिजिया हे तरुण नर्तक आले आणि ठरलेला काळ संपल्यावरही त्यांच्याकडे काम करत राहिले. पण या योजनेला अर्ज करता येत नाही. नावं तज्ज्ञ सुचवतात आणि मग निमंत्रण येतं. त्यामुळे निर्णयाच्या यादीत तिला जागाच देऊ नका. आली तर आनंद, पण तिची वाट पाहत एक वर्षही घालवू नये.

जर्मन कोरिओग्राफर पिना बाउश यांच्या नावाच्या फेलोशिपचं उलट आहे. २०१६ मध्ये पहिल्यांदा दिलेली ही फेलोशिप नृत्य आणि कोरिओग्राफीसाठी आहे, आणि तिचं मोल एका गोष्टीत आहे: कुणाकडे जायचं हे फेलो स्वतः ठरवतो. गुरू वाट्याला येत नाही, तो शोधावा लागतो. अर्ज लिहिता लिहिताच अर्धं शिक्षण होतं, कारण 'मला नेमकं काय येत नाही' हे एका परक्या माणसाला पत्रात सांगावं लागतं. असं पत्र शेवटच्या महिन्यात लिहायला घेऊ नका. मोठ्या कंपन्यांच्या दौऱ्यांच्या तारखा खूप आधी ठरलेल्या असतात, आणि तुमची तीव्र इच्छा असली तरी त्यांच्या स्टुडिओत जागा असेलच असं नाही.

व्हिएन्नाच्या इम्पल्सटान्झ महोत्सवातली डान्सवेब शिष्यवृत्ती आणखी वेगळी. उन्हाळ्यात पाच आठवडे, जगभरातले तरुण नर्तक आणि कोरिओग्राफर एकत्र, कार्यशाळा आणि रोज संध्याकाळी प्रयोग. पंचविशीतल्या माणसाला याहून चांगली गर्दी मिळणार नाही. स्वतःची वाट सापडलेल्याला मात्र ती गर्दीच वाटेल.

स्वतःचं काम: प्रेक्षकांसमोर, की प्रेक्षकांवाचून?

माझ्या मते खरा निर्णय इथे आहे.

ब्रिटनचा जेएमके पुरस्कार जेम्स मेन्झीज-किचिन या ऐन तारुण्यात गेलेल्या दिग्दर्शकाच्या नावाने दिला जातो. विजेत्याला पूर्ण निर्मिती मिळते: थिएटर, नट, नेपथ्य, प्रकाश आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक. थिआ शॅरॉक यांना तो मिळाला आणि २००१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्या साउथवॉर्क प्लेहाउसच्या कलासंचालक झाल्या. रॉय अलेक्झांडर वाइझ यांना २०१६ मध्ये मिळाला. २०१९ मध्ये मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजच्या दोन संयुक्त कलासंचालकांपैकी एक म्हणून त्यांची निवड झाली. दिग्दर्शकाला जोखायचं तर अखेर प्रयोगच पाहावा लागतो, म्हणून हे दार इतकं मोठं आहे. पण ते एकदाच उघडतं, आणि समीक्षकांसमोर उघडतं. ज्याने अजून एकही टेक रिहर्सल, म्हणजे प्रकाश, ध्वनी आणि नेपथ्य जुळवण्याची तालीम, रात्री उशिरापर्यंत हाताळलेली नाही, त्याने एक वर्ष थांबून अर्ज केला तर बिघडत नाही.

न्यूयॉर्क सिटी बॅले या नृत्यकंपनीशी जोडलेली न्यूयॉर्क कोरिओग्राफिक इन्स्टिट्यूट २००० मध्ये सुरू झाली ती नेमकी उलट्या विचाराने. कोरिओग्राफरला तयारीचे नर्तक, स्टुडिओ आणि वेळ द्यायचा, निर्मितीचं ओझं द्यायचं नाही. न्यूयॉर्क सिटी बॅलेचे २०१४ पासूनचे रेसिडेंट कोरिओग्राफर जस्टिन पेक तिथूनच पुढे आले. तीन दिवस जोडीदाराला उचलण्याची एक हालचाल (लिफ्ट) बसवायची आणि चौथ्या दिवशी ती टाकून द्यायची, ही चैन फक्त अशा ठिकाणी परवडते. मधल्या टप्प्यातल्या कोरिओग्राफरला याची भूक सर्वात जास्त असते. त्याला प्रयोग मिळत असतात. चुकायला जागा मिळत नसते. दिग्दर्शकांसाठी अशा प्रेक्षकांविना खोल्या फारच थोड्या आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैसा आणि शांतता

गुगेनहाइम फेलोशिप १९२५ पासून आहे आणि मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या, काम सिद्ध झालेल्या लोकांसाठी आहे. रक्कम कशी वापरायची यावर बंधन नाही. मार्था ग्रॅहम यांना ती १९३२ मध्ये मिळाली, नर्तकांमध्ये पहिल्यांदा. पण एक बारीक गोष्ट वाचायची राहून जाते: सादरीकरणाच्या कला या फेलोशिपमधून वगळल्या आहेत आणि कोरिओग्राफर त्याला अपवाद आहेत. म्हणजे कोरिओग्राफर रचनाकार धरला जातो, आणि दुसऱ्याचं नाटक बसवणारा दिग्दर्शक धरला जात नाही. टेबल हातभर ओढणारीला मी रचनाकार मानते. नियम तसं मानत नाही, आणि अर्ज नियमाकडे बघूनच करावा लागतो.

न्यू हॅम्पशायरमधलं मॅकडॉवेल १९०७ पासून कलावंतांना जंगलातले स्टुडिओ देत आलं आहे. दुपारचं जेवण टोपलीत घालून दारापाशी ठेवून जातात, म्हणजे कुणी दारही वाजवत नाही. नाटककारासाठी हा स्वर्ग आहे. दिग्दर्शकासाठी तो तेव्हाच कामाचा, जेव्हा संहितेची काटछाट, नव्या निर्मितीचा आराखडा किंवा संशोधन बाकी असेल. तालीमच करायची असेल तर ती शांतता तिसऱ्या दिवशी खायला उठते.

मधल्या टप्प्यावरच्या दोघांनाही मी विनाअट रकमेकडे आधी पाहायला सांगते, कारण घर, मुलं आणि चालू कामं सांभाळून ती वापरता येते. फक्त अंदाजपत्रक मांडताना पहिली ओळ नट किंवा नर्तकांच्या मानधनाची लिहा आणि तो आकडा पक्का करूनच प्रवासखर्च, नेपथ्य, कॅमेरा यांच्याकडे वळा. ही ओळ शेवटी लिहिली की ती सगळ्यात आधी कापली जाते.