रिमोटवर सूर्य दिसला म्हणून एसी ‘हॉट अँड कोल्ड’ होत नाही

नाशिकमधला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, घरात निवृत्त काका-काकू दोघंच. उन्हाळ्यात स्लॅब तापतो आणि डिसेंबर-जानेवारीत गारठा सोसवत नाही, म्हणून एकाच मशिनमध्ये दोन्ही कामं व्हावीत असा त्यांचा विचार. दुकानात त्यांना सांगितलं गेलं : दीड टन, ५ स्टार, इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं मशिन), हॉट अँड कोल्ड, ३८ हजार, फिटिंग फ्री. पुरावा म्हणून विक्रेत्याने रिमोट हातात दिला आणि सूर्याचं चिन्ह दाखवलं. एप्रिलमध्ये एसी बसला. डिसेंबरात सूर्याचं बटण दाबलं तर नुसता पंखा फिरला. पुढच्या उन्हाळ्यात थंडही होईना, मेकॅनिकने गॅस भरला, तो महिन्याभरात पुन्हा गेला. शेवटी घरी जाऊन ते मशिन तपासलं आणि एकेक गोष्ट उघडी पडली.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की यातली एकही युक्ती नवीन नाही. या कामात रोज असणाऱ्यांना त्या तोंडपाठ आहेत. ग्राहकाला मात्र आयुष्यात दोन-तीनदाच एसी घ्यायचा असतो, त्यामुळे तो दर वेळी नव्याने फसतो.

सूर्यापासूनच सुरुवात करू. कंपन्या अनेक मॉडेलांसाठी एकच रिमोट बनवतात. त्यामुळे फक्त थंड करणाऱ्या एसीच्या रिमोटवरही हीट मोड असू शकतो. खोली गरम करण्यासाठी आउटडोअर युनिटमध्ये रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह लागतो : पितळेची आडवी नळी, तिला एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने तीन कॉपर पाईप जोडलेले. हा व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटी करतो, मग आतली कॉइल तापते आणि बाहेरची गार पडते. काकांच्या आउटडोअरमध्ये तो नव्हताच. तो पाहायला मशिन उघडावंही लागत नाही, कारण स्टार लेबलवर ‘हीट पंप’ (म्हणजे गॅस उलटा फिरवून खोली गरम करणारी हीच सोय) असा रकाना असतो आणि त्यापुढे ‘येस’ किंवा ‘नो’ छापलेलं असतं. त्यांच्या लेबलवर ‘नो’ होतं. वर्षभर ते मशिनवर चिकटलेलं होतं, पण तो बारीक रकाना वाचायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

खरा हीट पंप असेल तर नाशिकसारख्या थंडीत तो एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता खोलीत आणतो. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तिथेही तो चालतो. चालताना बाहेरच्या युनिटमधून पाणी गळतं आणि मध्येच काही मिनिटं गरम हवा थांबते, कारण बाहेरच्या कॉइलवर गोठलेलं दव मशिन वितळवत असतं. तो बिघाड नाही. काही स्वस्त ‘हॉट अँड कोल्ड’ मशिनमध्ये मात्र आत नुसती हीटरची कॉइल असते, म्हणजे एका युनिटला एकच युनिट उष्णता. त्यासाठी एसीवर जादा हजारो रुपये घालू नका, दीड-दोन हजारांचा साधा रूम हीटर तेच काम करतो. आमचं मत विचाराल तर महाराष्ट्रात बहुतेक घरांना हीट पंपची गरजच नाही. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल आणि थंडी दोन महिने टिकत असेल, तरच तो घ्यावा.

आता ५ स्टार. स्टार खरे होते, पण जुने होते. बीईई, म्हणजे केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो, दर काही वर्षांनी निकष कडक करतो. जानेवारी २०१८ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला ५ स्टार मिळायला आयएसईईआर (एका युनिट विजेत एसी मोसमभरात सरासरी किती थंडावा देतो तो आकडा) ४.५० पुरत होता, जुलै २०२२ पासून तो ५.०० लागू लागला आणि जानेवारी २०२६ पासून निकष आणखी वर गेले. म्हणजे २०२५ च्या लेबलवर काठावर ५ स्टार असलेलं मशिन नव्या तक्त्यात ४ स्टारमध्ये उतरतं. जुना साठा विकणं हा गुन्हा नाही आणि योग्य सूट मिळाली तर तो घ्यायलाही हरकत नाही. मात्र तो नव्या ५ स्टारच्या भावात गळ्यात मारणं ही फसवणूक आहे. लेबलवर ते कोणत्या कालावधीसाठी वैध आहे हे छापलेलं असतं, शिवाय उत्पादनाचं वर्षही असतं. दुकानात उभ्या उभ्या बीईईच्या स्टार लेबल अॅपमध्ये मॉडेल नंबर टाका. लेबलवरचे आकडे आणि अॅपमधले आकडे जुळत नसतील तर स्टिकर रंगीत झेरॉक्स आहे असं समजायला वाव आहे.

स्टार मोजण्यापेक्षा दोन आकडे पाहा : आयएसईईआर आणि पूर्ण क्षमतेचे वॅट, म्हणजे एसी किती थंड करू शकतो ते, किती वीज खातो ते नव्हे. एक टन म्हणजे ३,५१७ वॅट, म्हणजे दीड टन होतात ५,२७५. बाजारात ‘दीड टन’ या नावाखाली ४,७०० वॅटचंही मशिन मिळतं आणि ५,२०० चंही. इथे विक्रेता एक डाव टाकतो. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते तो शेजारी शेजारी दाखवतो : ‘बघा, हे ७०४ युनिट खातं आणि ते ७७९, शिवाय हे स्वस्त आहे.’ दोन्हींचा आयएसईईआर ५.०० च असतो. पहिलं कमी वीज खातं, कारण ते थंडच कमी करतं. तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत ते दुपारभर पूर्ण वेगाने पळत राहतं आणि तिथे इन्व्हर्टरचा फायदा संपतो, कारण इन्व्हर्टर वीज वाचवतो ती अर्ध्या भारावर संथ चालताना. साधारण १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि १५०-१८० फुटांना दीड टन धरतात. वर उघडा स्लॅब असेल तर या अंदाजातला वरचा आकडा धरा.

लेबलवरचे युनिट वर्षाला १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात हेही कुणी सांगत नाही. ५,००० वॅटचं मशिन घ्या. आयएसईईआर ३.९० (२०२५ पर्यंतच्या तक्त्यात ३ स्टार) असेल तर वर्षाला सुमारे ९६० युनिट आणि ५.०० (त्याच तक्त्यात ५ स्टार) असेल तर ७५०, म्हणजे फरक २१० युनिटांचा. तुमचं बिल तीनशे युनिटांपुढच्या टप्प्यात जात असेल आणि युनिटमागे सगळं धरून १५ रुपये पडत असतील, तर वर्षाला ३,१५० रुपये वाचतील. पण एसी फक्त उन्हाळ्यात अडीच महिने, रात्री आठ तास लागत असेल तर ते ६०० तासच झाले. मग बचत ८० युनिटांच्या आत, म्हणजे बाराशे रुपयांच्या आसपास. दोन मशिनच्या किमतीत नऊ हजारांचा फरक असेल तर तो वसूल व्हायला सात-आठ वर्षं जातील. अशा घराने ३ स्टार इन्व्हर्टर घ्यावा आणि वाचलेले पैसे फिटिंगवर घालावेत. मुंबईत किंवा कोकणात सहा महिने रोज दहा तास एसी चालणाऱ्या घराने मात्र ५ स्टारच घ्यावा. ‘५ स्टार म्हणजे बिल निम्मं’ हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस हिशेब लपवतोय हे ओळखा.

आता फिटिंग. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण मशिन निवडताना चार दुकानं फिरणारी माणसं फिटिंगच्या वेळी स्वयंपाकघरात चहा करत असतात. काकांना ‘फ्री फिटिंग’चं ९,४०० रुपयांचं कच्चं बिल मिळालं होतं : कॉपर पाईप १५ फूट ४,५००, स्टँड ९००, कोअर कटिंग (पाईपसाठी भिंतीला भोक) ६००, स्टॅबिलायझर ३,४००. भिंतीवरचा पाईप टेपने मोजला, तो खरोखर १५ फूटच भरला. पण मशिनच्या खोक्यात तीन मीटर पाईप आलेला असतो, म्हणजे जवळजवळ दहा फूट. पैसे फक्त वरच्या पाच फुटांचे घ्यायला हवे होते. तीन हजार तिथेच गेले. दर फुटाचा की मीटरचा, आणि मोजणी खोक्यातला पाईप वजा करून की न करता, हे आधी कागदावर लिहून घ्या. जादा जोडलेला पाईप अनेकदा पातळ असतो. भिंतीची जाडी ०.८ मिलिमीटर मागा. पातळ पाईपचं टोक फ्लेअर करताना, म्हणजे जोडासाठी कर्ण्यासारखं पसरवताना, चिरतं आणि वाकवताना चेपतं.

स्टॅबिलायझरचीही गरज नव्हती. इन्व्हर्टर एसी किती व्होल्टेजमध्ये चालतो ते मशिनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या घरचं व्होल्टेज त्याच्या आत होतं. गावाकडे शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज कोसळतं, तिथे स्टॅबिलायझर जरूर लावा. पण आधी मल्टिमीटरने संध्याकाळी मोजून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि चार चौरस मिलिमीटरची वायर. त्यात कसर करून स्टॅबिलायझर विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पाईप जोडल्यावर आत हवा आणि ओल राहते, ती व्हॅक्यूम पंपने ओढून काढावी लागते. पंप किमान पंधरा-वीस मिनिटं चालायला हवा आणि गेज ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूमचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) खाली जायला हवा. मग पंप बंद करून दहा मिनिटं थांबायचं, काटा वर चढला तर कुठेतरी लीक आहे किंवा ओल उरली आहे. काकांकडे फिटिंगला आलेल्या मुलाकडे पंपच नव्हता. तो म्हणाला, ‘काका, मशिन नवीन आहे, गॅसनेच एअर काढतो.’ त्याने एक नट ढिला ठेवला, व्हॉल्व्ह क्षणभर उघडला, फस्सकन हवा गेली आणि पाच मिनिटांत काम संपलं. या पद्धतीने मशिनमधला मोजून भरलेला गॅस कमी होतो आणि ओल तशीच आत राहते. आर-३२ गॅसच्या मशिनमधलं तेल ओल झपाट्याने शोषतं, त्यातून ॲसिड तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरचं वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) खातं. त्यातून आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे, तो बंद खोलीत सोडणं धोक्याचंच. वर त्या मुलाने फ्लेअर नट अंदाजाने आवळला होता. साबणाच्या पाण्याचा फेस लावला तर इनडोअरच्या मागच्या जोडावर बुडबुडे आले.

म्हणून हे पाठ करा : एसीतला गॅस वापरून संपत नाही. ती बंद यंत्रणा आहे. गॅस कमी झाला असेल तर लीक आहे आणि लीक न शोधता गॅस भरणारा माणूस पुढच्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक तयार करतोय. भरणी वजनकाट्यावर व्हायला हवी. आउटडोअरच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ आर-३२, ०.८२ किलो. पाईप कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा लांब असेल तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचे तेही माहितीपत्रकात असतं. नुसतं गेज दाखवून ‘प्रेशर कमी आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका, कारण इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलला की प्रेशर बदलतं. प्रेशर पाहायचंच असेल तर आधी मशिन टेस्ट मोडवर घ्यायला सांगा.

इन्व्हर्टरच्या नावाखाली साधं मशिन खपवण्याचा प्रकार जुन्या, रंगवलेल्या एसींमध्ये जास्त होतो. साध्या कॉम्प्रेसरला ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा डबीसारखा कपॅसिटर जोडलेला असतो. इन्व्हर्टरच्या कॉम्प्रेसरला तो नसतो, थेट पीसीबीवरून (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावरून) तीन वायरी गेलेल्या असतात. आउटडोअर न उघडताही कळतं : क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारं मीटर) लावा. इन्व्हर्टरचा करंट हळूहळू चढतो आणि खोली गार झाल्यावर दोन-तीन अँपिअरवर उतरतो. साधा कॉम्प्रेसर एकदम सुरू होतो, सहा-सात अँपिअरवर टिकून राहतो आणि मग खटकन बंद पडतो.

वॉरंटीचंही असंच. ‘दहा वर्षांची वॉरंटी’ कॉम्प्रेसरच्या सुट्या भागाची असते. इन्व्हर्टरमध्ये आधी जातो तो आउटडोअरचा पीसीबी, त्याची वॉरंटी किती वर्षं हे वेगळं विचारा. गॅस, मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा हेही विचारा. बिघाड झाल्यावर नेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका, त्यातले कित्येक बनावट असतात. नंबर खोक्यावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचाच घ्या. ‘पीसीबी वर्कशॉपला नेतो’ म्हणून काढून नेलेला बोर्ड बदलून येण्याची शक्यता असते, त्यामुळे नेण्याआधी त्यावरच्या नंबराचा फोटो काढा आणि पावती घ्या.

काकांच्या बिलावर नुसतं ‘एसी १.५ टन – १ नग’ लिहिलेलं होतं, तेही जीएसटीशिवाय. एसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. तेव्हा बिलाशिवाय घेऊन वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नाही आणि गमावण्यासारखं बरंच आहे. पक्क्या बिलावर मॉडेल नंबर, इनडोअर आणि आउटडोअर दोन्हींचे सीरियल नंबर, आणि हीट पंप सांगून विकला असेल तर ‘हीट पंप’ हे शब्द लिहून घ्या. बिलाला नकार देणाऱ्या दुकानातून तसेच बाहेर पडा.

फसवणूक झालीच असेल तर लेबल, मशिनची प्लेट, बिल, पाईपवर लावलेला टेप आणि विक्रेत्याचे मेसेज यांचे फोटो काढून आधी दुकानदाराला लेखी कळवा आणि १५ दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, कित्येक प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची असते. बनावट कस्टमर केअरला ऑनलाइन पैसे गेले असतील तर मात्र एक तासही न थांबता १९३० वर फोन करा.