शाळेसाठी स्टीलचा क्लिपवाला डबा: घ्यावा, पण रिंग तपासून

इंदूरच्या बर्तन बाजारात मिळणारा दोन खणांचा, सिलिकॉन रिंगचा स्टीलचा डबा शाळेसाठी उत्तम. फॉइल आणि प्लास्टिकची पिशवी दोन्ही सुटतात. भाजी चिकटलेली फॉइल ना ओल्या कचऱ्यात जाते, ना सुक्यात नीट. म्हणून ती घरात नकोच.

पहिली-दुसरीच्या मुलाला ५०० मिली पुरतो. मोठा डबा घेतला की आपण भरत जातो आणि निम्मं परत येतं. दोन लहान पोळ्या, अर्धी वाटी सुकी भाजी, बस.

गरम पोळी लगेच बंद केली तर वाफेचं पाणी झाकणाला धरतं, पोळी चिकट होते आणि मूल ती टाकतं. पाच-सात मिनिटं निवू द्या, मग सुती फडक्यात गुंडाळा. पोह्यांवरची शेव वेगळ्या डबीत. आधी घातली की मऊ पडते.

खरी कमजोरी रिंग. रोज काढून धुवा, पूर्ण वाळवा, नाहीतर खाचेत काळी बुरशी धरते. सुटी रिंग मिळते का, हे दुकानातच विचारा. क्लिप मुलाकडूनच उघडून बघा. घट्ट असेल तर डबा न उघडताच घरी येईल.